खडकांचा रेडिओ

"उद्या पुनव. सकाळी डोलकाठी उतरवून बोटीवर चढवायची," महादू तांडेल करंजीचं टोक मोडत म्हणाले, आणि चुलीपुढं बसलेल्या वत्सलेच्या हातातली करंजी तेलात पडायच्या आधीच उकलली.

श्रावण लागल्यापासून ती या वाक्याची वाट बघत होती. काका ते नागपंचमीला म्हणाले नाहीत, नंतरही म्हणाले नाहीत, तेव्हा तिला वेडी आशा वाटायला लागली होती, की विसरले असतील. घिवलीचा तांडेल नारळी पुनवेच्या तोंडावर डोलकाठी विसरेल, असली आशा तान्ह्या पोराच्या आईलाच करता येते. झोप झालेली नसली की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

"चढवा की," पुष्पलताकाकी म्हणाल्या. "तिची जागा बोटीवरच हाय. वखारीला बांधून ठेवलीय ती. येणारा-जाणारा इचारतो, तांडेल, शीड लावून घर कुठं चाललं?"

त्यांची लेक मंजुळा खुदकन हसली. तिला आज कशालाही हसू येत होतं. दुपारी मुरब्याहून चंद्रभान यायचे होते, मुलाला घेऊन, तिला बघायला. मुलाला तिनं चिंचणीच्या बाजारात आधीच बघून ठेवलं होतं, हे फक्त वत्सलेला माहीत होतं.

"पोर दे त्या रिकामटेकड्याकडं आन तू इकडं बघ," काकी वत्सलेला म्हणाल्या. "पाव्हणे यायच्या आत करंज्या व्हायला पायजेत. फुटक्या देणार हायस काय त्यांना?"

रिकामटेकडा म्हणजे एकनाथ. वत्सलेचा नवरा, काकांचा पुतण्या, आणि तांडेलांच्या सात पिढ्यांत बोटीत ओकणारा पहिला माणूस. बोटीनं किनारा सोडायचीही वाट तो बघत नसे. काकांनी त्याला लिंबू चोखायला दिलं, आलं दिलं, नुसतं क्षितिजाकडं बघायला सांगितलं, शेवटी बांधून ठेवलं. तो बांधलेला ओकला. मग त्यांनी सोडून दिलं.

देवूला कडेवर घेऊन वत्सला वखारीकडं निघाली. सुकटीच्या वखारीला टेकून डोलकाठी उभी होती, चारी बाजूंनी दोरांनी आवळलेली, आणि टोकावरून एक तार खाली माळ्याच्या खिडकीत गेलेली. तिच्या मनात ती तार भलत्याच गाठींनी बांधलेली होती. काठी उतरली की तार उतरणार. तार उतरली की रेडिओ मुका. आणि रेडिओ मुका झाला की देवूचा बाप मुंबईला. काकींच्या भावानं गिरगावातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शब्द टाकून ठेवला होता. पुनवेनंतर या म्हणून निरोपही आला होता.

माळ्यावर एकनाथ तबकड्या पुसत बसला होता.

"ऐकलंत?" तिनं शिडीवरूनच विचारलं.

"ऐकलं. काकांच्या आवाजाला यंत्र लागत नाय."

"मग सांगा ना त्यांना, काठी राहू द्या म्हणून."

"काय म्हणून सांगू?" त्यानं देवूला वर ओढून घेतलं. "गाण्यांसाठी काठी राहू द्या? तांडेलाला? वत्सले, त्यांनी काठी दिली ती खडकांसाठी."

हा सगळा घोळ अणुविजेच्या प्रकल्पावरच्या पीटरसाहेबापासून सुरू झाला होता. साहेब अमेरिकेचा, त्याच्या हाताखाली एकनाथ तारा ओढायचा. कॉलनीतल्या मडमांना करमत नाही म्हणून साहेबानं फावल्या वेळात एक छोटं यंत्र बनवलं आणि त्यावरून रोज त्यांच्याकडची धांगडधिंग्याची गाणी लावायला लागला. आधी कॉलनी ऐकायची, मग घिवली ऐकायला लागली, कारण त्या ठिकाणी दुसरं काहीच नीट लागत नसे. सुरुवातीला साहेब नाकातून ओरडायचा, "रॉक, रॉक, तारापूर रॉक!" साहेबाचं काम संपलं, एकनाथचंही संपलं; साहेब पावसाळ्याच्या तोंडावर मायदेशी गेला आणि जाताना यंत्र, फोनो आणि तबकड्यांचं खोकं एकनाथच्या हाती देऊन गेला. बोईसरचा ट्रकवाला बॅटरी भरून द्यायचा. उंच काठी मात्र घरात एकच होती.

"मी फक्त म्हटलं, काका, हा रॉकचा रेडिओ हाय," एकनाथ म्हणाला. "तर ते उठून उभेच राहिले. म्हणाले, खडकांचा? म्हंजे खडक सांगणारा? आन माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवलाय तो ओकताना. असा कधी नाय. मी काय करणार होतो, हात काढा म्हणणार होतो?"

देवू बापाच्या मांडीवर उताणा पडून खिडकीतल्या तारेकडं बघत होता. त्याला दात येत होते, लाळेनं अंगरखा भिजला होता, आणि बापाचं बोट तो कालवणातला तुकडा असावा तसं चघळत होता.

"हा चालायला लागेल तवा मी सुट्टीला येईनच," एकनाथ म्हणाला.

"सुट्टीला," वत्सला म्हणाली, आणि करंज्या करायला निघून गेली.

*

चंद्रभान ओट्यावर बसले तेव्हा ओटा लहान वाटायला लागला. माणूस रुंद, आवाजही रुंद. शेजारी त्यांचा मुलगा आनंदा, साहेबांच्या कॉलनीत कँटीनला काम करणारा, भांग चोपडून पाडलेला, आणि आपल्या हातांचं काय करावं हे न कळलेला.

महादूकाकांना पाहुणे मनापासून आवडले. ज्या माणसानं आपली गोष्ट एकदा ऐकून पुन्हा विचारली, तो त्यांना नेहमीच आवडायचा.

"पालघरच्या बाजारात तुमी सांगितलंत," चंद्रभान म्हणाले, "तवापासून आमच्या गावात दुसरी गोष्ट नाय. खडक सांगणारा रेडिओ! मी म्हटलं, पोरगी बघायची तर त्याच घरातली बघायची. पण तांडेल, त्या इंग्रजीतलं तुमाला कसं कळतं?"

"मला इंग्रजी येतं," काका म्हणाले.

आतून काकींनी भांडं जरा जोरात ठेवलं.

"एकच शब्द येतो, पण पक्का येतो. प्रकल्पाचं काम निघालं तवा साहेबांना समुद्र दाखवायला मी बोट घेऊन गेलतो. एका साहेबाला सुकाणू धरायची हौस. मी म्हणतोय, साहेब, डावीकडं घ्या, डावीकडं. त्याला मराठी नाय. दुसरा पुढं उभा होता, तो एकदम हात वर करून ओरडला, रॉक! रॉक! मी म्हटलं, असेल देवाचं नाव. तवर धाड! फळी गेली. आता बोला, तो शब्द मी इसरेन? लोक पाटीवर शिकतात. मी फळी देऊन शिकलो."

चंद्रभाननी मान हलवली. इतकं शिक्षण त्यांच्या घरात कोणी घेतलं नव्हतं.

"आलीच वेळ," म्हणत काकांनी ट्रान्झिस्टर पुढं ओढला. खरखर झाली, आणि साहेबासारखाच नाकातून एकनाथचा आवाज आला, "रॉक, रॉक, तारापूर रॉक!"

"बघा. तीनदा सांगतो," काका कुजबुजले. "कोणाला ऐकू नाय आलं असं व्हायला नको."

मग ढोल धडधडायला लागले आणि एक माणूस जीव तोडून किंचाळायला लागला. चंद्रभान दचकले.

"हां. हा आपटला," काका म्हणाले. "लाटा ऐका कशा मारतात."

"अगं आई! रोज होतं असं?"

"रोज. कधी बाई पण असते. अमेरिकेचा समुद्र लय वाईट, चंद्रभान."

किंचाळण्यात मध्येच बारीक रडणं ऐकू आलं. काकांनी डोळे मिटले. "आन लेकरू. बोटीत लेकरू हाय त्यांच्या. तेच काळजाला लागतं माझ्या."

चंद्रभाननी टोपी काढून मांडीवर ठेवली. थोडा वेळ दोघे बुडणाऱ्या माणसाला मान देत बसून राहिले. आनंदा मात्र खाली बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"आनंदा," चंद्रभान म्हणाले, "तू साहेबांच्यात वावरतोस. काय म्हणतो तो? सांग जरा तांडेलांना."

आनंदानं मान वर केली. दारात मंजुळा चहाचं तबक घेऊन उभी होती. तो बघतच राहिला.

"म्हणतो..." त्यानं भांगावरून हात फिरवला. "म्हणतो, ये."

"कोणाला?"

"जवळ ये म्हणतो."

"खडक बोलावतो," काकांनी चंद्रभानना समजावलं. "बोलावतोच तो. माणसाला ओढ लागते."

"म्हणतो, तुला बघितल्यापासून झोप नाय."

"कशी लागेल?" काका कळवळले.

"म्हणतो, बाजारात..."

"खडकावर बाजार?" चंद्रभान म्हणाले.

"बंदरात. बंदरात बघितलं तुला, निळ्या लुगड्यात."

तबकातल्या कपबश्या एकमेकींवर आपटल्या. मंजुळा पदर तोंडात धरून आत वळली, चहासकट.

"निळं लुगडं?" चंद्रभान कोड्यात पडले.

"पाणी हो," काका म्हणाले. "निळं पाणी. इंग्रजीत तसंच म्हणतात."

चंद्रभाननी मांडीवर थाप मारली. "ठरलं मग, तांडेल. पोरगी आमाला पसंत. एकच म्हणणं. हे यंत्र बंद होता कामा नये. उद्यापासून बोटी सुटणार, खरी गरज तर आता हाय."

काकांच्या हातातली करंजी तोंडाशी थांबली. आतून काकींचा आवाज आला, "काठी उद्या उतरणार!"

"कुठली काठी?"

"ती काठी उतरली की रेडिओ लागत नाय," काका पडेल आवाजात म्हणाले. "आन ती नाय चढवली तर बोट चालत नाय."

"पण मग खडक कोण सांगणार? आन अजून एक. मी मघापासून ऐकतोय, मुरब्याचं नाव आलं नाय. आमचे दोन खडक हायेत, आंधळा आन सवत. चला, आत्ताच सांगून येऊ त्याला." चंद्रभान उठले, वखारीपाशी गेले, त्यांनी शिडीकडं बघितलं, शिडीच्या पायऱ्यांकडं बघितलं, आणि परत येऊन बसले. "तुमीच जा तांडेल. मी हितं ऐकतो. आंधळा आन सवत. इसरू नका."

काका त्या माळ्यावर कधीच चढले नव्हते. गुडघ्यांमुळं, आणि एकनाथच्या कामात लुडबुड नको म्हणून. आज ते निघाले.

*

पुष्पलताकाकी मागच्या दारानं धावल्या, पण गुडघे दुखणारा माणूसही तांडेल असला की शिडी भराभर चढतो. त्या पोचेपर्यंत नवऱ्याचे पाय माळ्यात दिसेनासे होत होते.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेबांच्या बंगल्यांवर त्या पापलेट घेऊन जायच्या, आणि मागच्या दारातून मडमा याच किंचाळण्यावर कंबर हलवताना त्यांनी बघितल्या होत्या. बोलल्या नव्हत्या. पावसाळ्यात बोट वर आली की नवरा ओट्यावर बसून स्वयंपाकाला नावं ठेवायचा. यंदा तो बुडणाऱ्यांत गुंतला होता. ज्येष्ठापासून कालवणाला कोणी काही म्हटलं नव्हतं. संसारात असं सुख चालून आलं तर त्याचं भाषांतर करून बघू नये.

तरी काठी बोटीवर जायला हवी, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. एकनाथ दुकानात बसेल, जमीन हलणार नाही, पोराचं भलं होईल. मंजुळा मुरब्याला जाईल, तिचंही भलं होईल. मग वत्सला, देवू, सगळे मार्गी लागतील.

शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून काकी थांबल्या. सगळे मार्गी लागले, की घरात राहतं कोण? त्यांनी मनातल्या मनात खोल्या फिरून बघितल्या. ओट्यावर नवरा होता. चुलीपाशी त्या होत्या. बाकी कोणी नव्हतं. रेडिओही नव्हता.

"देवा रे!" म्हणत काकी शिडी चढायला लागल्या.

*

ओट्यावर ट्रान्झिस्टर चालूच होता. वत्सला दाराशी येऊन उभी राहिली. तिला एवढंच माहीत होतं, की वर काका गेले आहेत, आणि वर खरं उघडं पडलेलं आहे.

किंचाळणाऱ्या माणसामागं शिडी करकरली. ती करकर ट्रान्झिस्टरमधून आली. माळ्यावर माईक फोनोपुढं ठेवलेला असायचा, त्याला बटण नव्हतं. जे त्या माळ्यावर होई ते सगळं हवेत जाई.

"एकनाथ!" काकांचा आवाज डब्यातून फुटला. चंद्रभान बसल्या जागी मागं सरकले. "नाचतोस काय? लोक बुडतायत आन तू पोर खांद्यावर घेऊन नाचतोस?"

गाणं थोडा वेळ एकटंच वाजत राहिलं.

"काका, कोण बुडत नाय."

"मग हा कोण बोंबलतोय?"

"गातोय तो."

"हे गाणं?"

"गाणंच हाय. रॉक म्हंजे या गाण्यांची जात. आपल्याकडं जशी भजनं, तसं त्यांच्याकडं हे."

चंद्रभाननी मांडीवरची टोपी उचलली आणि सावकाश डोक्यावर घातली. वत्सलेनं डोळे मिटून घेतले. आता आभाळ कोसळणार होतं.

"म्हंजे हा मेला नाय?" काकांनी विचारलं.

"नाय काका."

"नक्की?"

"ठणठणीत हाय."

"आन ते लेकरू?"

"आपला देवू. दात येतायत त्याला."

डब्यातून मोठा फुस्कारा आला. वत्सलेला वाटलं यंत्र गेलं. पण तो काकांचा श्वास होता. "पावसाळाभर," काका म्हणाले, "पावसाळाभर मी देवापुढं एक फूल जास्त वाहतोय रे त्या लेकरासाठी. आन ते घरातच व्हय? आण इकडं. आण. काय रे चोरा?"

देवू त्याच्या ठरलेल्या आवाजात ओरडला. मग काकी वर पोचल्या. "सरका, मला येऊ द्या."

"पुष्पे, तुला हे माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलली का नायस?"

"तुमी ह्या बुडणाऱ्यांना ऐकत बसता तवा माझ्या कालवणात मीठ कमी नसतं, म्हणून!"

कुंपणापलीकडून, दामूच्या अंगणातून, मोठ्यानं हसणं आलं. दामूकडंही ट्रान्झिस्टर होता. पलीकडच्या घरातून अजून एक हसणं आलं. मंजुळानं वत्सलेचा दंड धरला.

"वैनी, सगळीकडं जातंय हे! धाव, तार काढायला सांग त्यांना!"

वत्सला दोन पावलं गेली. मग थांबली. का थांबली ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. ती मंजुळाला म्हणाली, "अगं, जाऊ दे."

"हसतोस काय?" वर काका एकनाथला म्हणत होते. "मी बाजारात सांगितलं, सातपाटीला सांगितलं. तो चंद्रभान खाली बसलाय, दोरानं ओढून आणलेल्या पिंपासारखा, टोपी काढून. त्याला काय सांगू आता?"

ओट्यावर सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांना बघितलं.

"कोणाबद्दल बोलतात ते?" चंद्रभाननी मुलाला विचारलं.

"असेल कोणतरी," आनंदा म्हणाला.

"मी काठी उतरवतो काका," एकनाथचा आवाज आला, हळू, पण माईकजवळचा. "आत्ताच उतरवतो. पुनव झाली की मुंबईला जातो. झालं. बाजारात सांगा, यंत्र बिघडलं."

"कुठं जातोस?" काकी कडाडल्या. "ही मंजुळा मुरब्याला, तू मुंबईला, वर्षानं वत्सलेला आन पोराला बोलावणार. मग ह्या घरात कोण? हा आन मी?"

"हा म्हंजे?" काका.

"हा म्हंजे तुमी! काठी उतरायची नाय!"

"सकाळी तूच म्हणत होतीस, चढवा!"

"सकाळी मी इचार केला नव्हता!"

"आन बोट काय तुझ्या पळीवर शीड बांधून चालवू?"

वत्सला वखारीपाशी पोचली होती. आपण कधी चालायला लागलो हे तिला कळलं नव्हतं. हाताला करंजीचं पीठ होतं, पदर खांद्यावरून घसरला होता. काकांपुढं ती लग्नापासून मान वर करून बोलली नव्हती. तिला माहीत होतं वर माईक आहे. तिला माहीत होतं दामू ऐकतोय, दामूची सासू ऐकतेय, घिवली ऐकतेय.

"अवो काका," ती शिडीखालून मोठ्यानं म्हणाली, "मला देवूचा बाप हितं हवा."

तिच्या गालांना आग लागली, पण तोंड बंद होईना. "ते बोटीत ओकतात, मला माहीत हाय. आमच्या बाबांना पण लग्नाआधीच माहीत होतं. पण त्या माळ्यावर त्यांचे पाय हलत नायत. तुमीच बघितलंत आत्ता. पोर खांद्यावर घेऊन ते नाचत होते आन पोर पडलं नाय. मग त्यांना उभं राहायला जागा हाय की हितं. मुंबईत कशाला शोधायची?"

ट्रान्झिस्टरमधून नुसती खरखर आली. गाणं कधीच संपलं होतं, सुई तबकडीच्या कडेला घसटत होती.

मग ओटा हलला. चंद्रभान उठले होते. ते शिडीपाशी येऊन वर तोंड करून ओरडले, "तांडेल! गाणी तर गाणी! पण खडक सांगा! मी मुरब्यात छातीवर हात मारून सांगून बसलोय! मी गावात काय तोंड दाखवू?"

"पण बाबा, हे मुरब्यापर्यंत पोचत नाय," आनंदा मागून म्हणाला.

"नाय पोचलं तरी चालेल! सांगितले हायेत, एवढं मला म्हणता आलं म्हणजे झालं!"

वर काकांनी विचारलं, "एकनाथ, ह्यात बोललं की कुठवर जातं?"

"हवा चांगली असली तर चिंचणीपर्यंत."

"चालू कसं करायचं?"

एकनाथ घुटमळला. "चालूच हाय, काका. मघापासून."

वत्सलेनं वर बघितलं. खिडकीत काका दिसले, देवूला पोटाशी धरलेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करत सगळं गेलं: मीठ, पिंप, बुडालेला माणूस. मग त्यांनी घसा खाकरला, भर समुद्रात दुसऱ्या बोटीला हाक घालताना खाकरतात तसा.

"ऐका. घिवलीचा महादू तांडेल बोलतो. मघाचं इसरा. खडक ऐका. किनारा सोडला की डाव्या हाताला म्हातारी. भरतीला दिसत नाय म्हणून ती गेली असं समजू नका, ती कुठं जात नाय. तिच्यापुढं वरवंटा. त्याच्या आतल्या अंगानं जाऊ नका, माझी एक फळी अजून तिथं हाय. चिंचणीवाल्यांनी दातरी सांभाळा. मुरबेवाल्यांनी आंधळा आन सवत सांभाळा. चंद्रभान आमचे व्याही, त्यांचे खडक ते आपले खडक."

"व्याही म्हणाले," चंद्रभान आनंदाला म्हणाले, जणू आनंदाला ऐकू येत नव्हतं. दारात मंजुळानं पदर पूर्ण तोंडावर ओढून घेतला.

"उद्या हेच परत सांगेन. रोज निघायच्या आधी सांगेन, मग एकनाथ गाणी लावेल, ती ज्यांना ऐकायची त्यांनी ऐका. माणूस मरत नाय त्यात, मी इचारून घेतलंय. आन शेवटचं. ज्याच्याकडं जास्तीची डोलकाठी असेल त्यानं घिवलीला आणून द्यावी. माझी कामात हाय."

कुंपणाच्या वर दामूचं डोकं आलं. "तांडेल! माझ्याकडं जुनी हाय! देतो! पण काकींचं मधेच का तोडलंत? मिठाचं पुढं काय झालं?"

काकी खिडकीत आल्या आणि पुढं काय झालं ते त्यांनी दामूला सविस्तर सांगितलं. तेही गेलं हवेत.

संध्याकाळी दामूची काठी माणसांच्या खांद्यावरून किनाऱ्याकडं गेली. पाहुणे करंज्या बांधून घेऊन गेले. आनंदा जाताना उंबऱ्याला ठेचकाळला. वत्सला मागच्या दारी भांडी घासत होती. एकनाथ येऊन शेजारी बसला. देवू त्याच्या खांद्यावर झोपला होता, लाळ गाळत. एकनाथनं एक पातेलं उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"वत्सले," तो शेवटी म्हणाला, "मी जात नाय."

"मला माहीत हाय," ती म्हणाली आणि पातेलं त्याच्या हातातून काढून घेतलं. "चिंचणीपर्यंत सगळ्यांना माहीत हाय. हवा चांगली होती आज."